आत्याला २६ वर्षांनी संस्थेतून घरी आणायचंय, कोणी केलंय का असं? (इंदूर)

ओटल्यावरची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, पहिल्यांदाच लिहून राहिले, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी सख्खी आत्या, बाबांची धाकटी बहीण, आता ५८ ची. १९९९ साली, मी नववीत होते तेव्हा, तिला मानसिक आजाराच्या एका संस्थेत ठेवलं, दुसऱ्या गावी, इथून रात्रभराचा प्रवास. "थोडे दिवस" म्हणून. आजार स्किझोफ्रेनिया. त्याआधी बालवाडीत शिकवायची, रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओटल्यावर पोरं जमवून गाणी म्हणायची. मग शेजारचे लोक रेडिओतून आपल्याबद्दल बोलतात म्हणायला लागली, रात्री-बेरात्री बाहेर पडायची, आजोबांनी हाय खाल्ली. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

आजी होती तोवर दर दिवाळीला चिवडा-करंज्यांचा डबा घेऊन जायची. आजी चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मी जाते, कारण दुसरं कोणी जातच नाही. मागच्या खेपेला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं आणि सरळ विचारलं, ह्यांना तुम्ही नेत का नाही, आठ-नऊ वर्षं एकाच डोसवर स्थिर आहेत, इथे ठेवण्यासारखं आता काही नाही. मला काही बोलताच येईना. आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो की ते सोडत नाहीत, आणि ते धरून चालले होते की आम्ही नेत नाही.

त्या दिवशी परवानगी काढून तिला बाहेर जेवायला नेलं. साधं थाळीचं हॉटेल. मान वर न करता पाच मिनिटांत जेवली आणि ताट उचलून उभी राहिली. धुवायची जागा शोधत होती. मी म्हटलं आत्या ठेव गं, ते लोक नेतात, तर बसली, पण ताटाची कड सोडेना. निघताना काचेच्या दाराशी जाऊन थांबली. नुसतं ढकलायचं होतं. मी बिल देऊन येईपर्यंत तशीच उभी, कोणीतरी उघडेल म्हणून. रिक्षात मला विचारते, "दूध आता केवढ्याला झालं गं?" मी सांगितलं, मग संस्था येईपर्यंत काही बोललीच नाही.

आता अडचण. बाबा ७१, आई गुडघ्यांनी बेजार, ते दोघं रामबागेतल्या घरात. बाबांचं म्हणणं तिला तिकडची सवय झालीय, आता हाल कशाला, आणि मोहल्ल्यात पुन्हा चर्चा नको. मी सुदामा नगरला, वर-खाली मिळून तीन खोल्या, नवरा, मुलगी सातवीत आणि सासूबाई. नवऱ्याला सगळं माहितीये. सासूबाईंना लग्नाच्या वेळी सांगितलं होतं की आत्या पुण्याला असते. ती अजून पुण्यालाच आहे.

तर बाबांनी सही नाही दिली तर सोडतात का? आधी तयारी काय करायची? आणि बाबांना न् सासूबाईंना पटवायचं कसं? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा, "खूप छान विचार ताई" वाले मेसेज नकोत, रागावू नका.

विश्वामित्रीकाठ

मी वडोदऱ्याची. मानसिक आजाराच्या लोकांबरोबर समाजकार्यकर्ती म्हणून २२ वर्षं नोकरी केली, आता रिटायर. तुमची पोस्ट दोनदा वाचली. बाबांना कसं पटवू, सासूबाईंना कसं पटवू, सही कोणाची, सगळं विचारलंत. आत्याला विचारलंत का?

टोमणा नाही हं. मी पण पहिली पाच-सहा वर्षं हेच करत होते. फाईल काढायची, भावाचा पत्ता शोधायचा, फोनवर वहिनीची मनधरणी करायची, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती बाई बाहेर बाकावर वेणी घालत बसलेली. एकीने शेवटी मला सुनावलं, "मला भावाकडे नाही जायचं, मला फक्त भिंतीच्या पलीकडे राहायचंय, भाजी आणायला जाता येईल अशा ठिकाणी." तिच्या फाईलवर आम्ही तीन वर्षं "कुटुंब नकार" लिहीत होतो, आणि तिला त्या कुटुंबाकडे जायचंच नव्हतं.

आणि विचारताना एकदा विचारून सोडू नका. पहिलं उत्तर "तुम्ही ठेवाल तिथे" हेच येणार. इतकी वर्षं कधी उठायचं, काय खायचं, केस किती कापायचे हे सगळं दुसऱ्याने ठरवलं की माणसाला "तुला काय हवं" हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. दोनच गोष्टी पुढे ठेवा, चहा का कॉफी, निळी साडी का हिरवी, तिथून सुरू करा. तुम्ही ताटाचं आणि दाराचं लिहिलंत ना, तो आजार नाहीये, ती संस्थेची सवय आहे, आणि सवय लागते तशी सुटते पण, फक्त घरचे लोक तिला आजार समजून घाबरतात, मग दार स्वतःच उघडून देतात, आणि झालं, घरातच संस्था.

तयारीचं सांगते. एकदम डिस्चार्ज घेऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रजेची सोय आहे, कलम ९१, डॉक्टर ठरावीक दिवसांची रजा देऊ शकतात. आधी दोन दिवस, मग आठवडा, मग महिना. बिघडलं तर परत जाण्यात नाक कापलं गेलं असं होत नाही, रजा संपली एवढंच. डिस्चार्जच्या वेळी मात्र कलम ९८ प्रमाणे डॉक्टरांनी आत्या आणि तुमच्याबरोबर बसून पुढच्या उपचाराचं नियोजन करायचं असतं, ते लेखी मागा. कोणती गोळी किती, इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी दिलं आणि पुढचं कधी, क्लोझापीन नावाची गोळी असेल तर रक्ताची तपासणी किती दिवसांनी. निदान महिन्याभराच्या गोळ्या बरोबर. आणि इंदुरात पुढे कोण बघणार त्या डॉक्टरांना आधीच भेटून ठेवा, ती आल्यावर नाही. तुमच्याकडे मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयात मनकक्ष, म्हणजे मानसिक आजाराचा सल्ला देणारा विभाग असतो, तिथून सुरुवात करता येईल. बाहेर आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक, तेव्हा घरात कोणीतरी मोकळं हवं. रात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

डोळे आणि दात तपासा. हसू नका, खरंच. आमच्याकडे एक बाई कोणाशी बोलायची नाही, कोणाकडे बघायची नाही, सगळ्यांनी आजारावर ढकललं, मग मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झाल्यावर आम्हाला नावानिशी शिव्या द्यायला लागली, कोण कोण आहे ते पहिल्यांदाच नीट दिसलं तिला.

अजून एक, तिची तिथली मैत्रीण कोण ते विचारा. असणारच.

सराफ्याचा_भिया

विश्वामित्रीकाठ काकूंनी सगळं बरोब्बर सांगितलंय, मी फक्त आमची फजिती सांगतो म्हणजे तुमची वाचेल.

मोठा दादा, ११ वर्षं संस्थेत, २०१८ ला आणला घरी. आईला इतका आनंद की विचारू नका, खजराण्याच्या गणपतीला जाऊन लाडू वाटून आली. आणि मग ताई काय सांगू, आई त्याच्या मागेच लागली. गोळी घेतलीस का, अंघोळ केलीस का, एवढं झोपतात का, बिडी नको, टीव्ही जवळून नको बघू, गोळी दाखव तोंड उघड. प्रेमाने हं, सगळं प्रेमाने. मी एका रविवारी मोजलं होतं, संध्याकाळपर्यंत "गोळी घेतलीस का" ११ वेळा. चौथ्या महिन्यात त्याने गोळ्या गादीखाली जमवायला सुरुवात केली, दोन दोन तास बाथरूममध्ये बसायचा, आणि एक दिवस आईच्या अंगावर धावून गेला. परत नेऊन सोडलं. परत येताना गाडीत आम्ही तिघं एक अक्षर बोललो नाही, देवासपर्यंत तर मी रडतच होतो.

तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला झापलं नाही. एक गोष्ट सांगितली. म्हणे १९५० च्या दशकात लंडनला जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने हॉस्पिटलातून सुटलेल्या लोकांचं पुढे काय होतं ते तपासलं, वाटलं होतं आईबापाकडे बायकोकडे गेलेले बरे राहतील, निघालं उलटं, जे भाड्याच्या खोलीत किंवा भावा-बहिणीकडे गेले ते जास्त टिकले. पुढे त्यावर काम होत होत असं पुढे आलं की घरात सतत टोकणं, चिडणं किंवा अति काळजी असेल आणि पेशंट त्या माणसासमोर आठवड्यात ३५ तासांच्या वर असेल तर आजार उलटण्याची भीती वाढते. आईला ते ऐकून वाईट वाटलं, म्हणाली म्हणजे माझंच चुकलं. डॉक्टर म्हणाले चुकलं नाही माताजी, तुम्ही दोघं एकमेकांना जास्त दिसता.

दुसऱ्या वेळेला आम्ही खोली घेतली. आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून, वरची एक खोली न् मोरी. सकाळचा चहा त्याचा तो करतो, जेवायला घरी येतो, दुपारी मावसभावाच्या स्टेशनरीच्या दुकानात वह्या लावतो, मोजून, एकसारख्या, असा गठ्ठा कोणी लावून दाखवा. गोळ्यांची आठवड्याची डबी आहे, रविवारी तो आणि मी मिळून भरतो, बाकी कोणी एक शब्द विचारत नाही. आईला सक्त ताकीद. पाच वर्षं होत आली. मध्ये एकदा बिघडलं होतं, अंघोळीला वेळ लागायला लागला की आम्ही समजतो, लगेच डॉक्टरकडे गेलो, डोस बदलला, निभावलं.

तर बाबांना पटवायच्या भानगडीत फार पडू नका असं माझं मत. तुम्ही भाची आहात ना, भाची चांगली. आई-बाप-नवरा ह्यांच्यापेक्षा थोडं लांबचं माणूस जास्त चांगलं निभावतं, आणि तुम्हाला राग आला तर तुम्ही चार दिवस गप्प बसू शकता, आईला ते जमत नाही.

नावातकायआहे

मी थोडं उलटं बोलतो. तिथे खायला-प्यायला मिळतं, औषध मिळतं, २६ वर्षं तेच तिचं घर आहे. ५८ व्या वर्षी उपटून दुसरीकडे लावायचं ते कोणाच्या समाधानासाठी? सातवीतली मुलगी आहे घरात, तिचा पण विचार करा. सगळे भावनेने बोलताहेत.

विश्वामित्रीकाठ

नावातकायआहे, प्रश्न चुकीचा नाही, मी पण कित्येकांना "राहू द्या इथेच" म्हटलंय, ज्यांनी स्वतः तसं सांगितलं त्यांना. पण "तेच तिचं घर" हे घरातल्या माणसाने म्हणायचं असतं, बाहेरच्याने नाही. आणि सातवीतल्या मुलीचं म्हणाल तर मुलं मोठ्यांपेक्षा लवकर रुळतात, त्यांना नीट सांगितलं तर. न सांगितलं की मग ती दाराआडून ऐकून स्वतःच काहीतरी ठरवतात.

बाकी घरच हवं असंही नाही. चेन्नईची द बॅनियन ही संस्था १९९३ पासून बेघर मनोरुग्ण बायकांसाठी काम करते, त्यांचं होम अगेन म्हणून एक काम आहे, चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत साधं घर भाड्याने, बाजार-स्वयंपाक त्याच करतात, मदतीला एक कार्यकर्ती. ना संस्था ना माहेर. आपल्याकडे अशी घरं मोजकीच आहेत, म्हणूनच लोक "संस्था नाहीतर भाऊ" एवढंच धरून बसतात. (कोणी कर्जतच्या डॉ. भरत वाटवानींचं नाव सुचवण्याआधी सांगते, त्यांचं काम मोठंच आहे, २०१८ चा मॅगसेसे त्यालाच मिळाला, पण ते रस्त्यावर भटकणाऱ्यांना बरं करून घरी पोचवण्याचं. इथे घर माहिती आहे, घराचं दार बंद आहे.)

लष्करचा_वकील

ग्वाल्हेरहून. सहीचा मुद्दा अजून तसाच आहे म्हणून लिहितो.

भावाची परवानगी असं कलम कायद्यात नाही. पहिलं काम, संस्थेला विचारा आत्या कोणत्या कलमाखाली दाखल आहेत. १९९९ म्हणजे जुन्या १९८७ च्या कायद्याखाली आल्या असतील, पण नवीन कायदा २०१८ पासून लागू आहे आणि त्याप्रमाणे त्यांची नोंद असायला हवी. कलम ८६ म्हणजे स्वतःच्या मर्जीने राहणाऱ्या, त्यांनी स्वतः "मला जायचंय" म्हटलं की सोडायचं असतं, फार तर २४ तास तपासणीसाठी थांबवता येतं. कलम ९० म्हणजे दुसऱ्याच्या अर्जावरून, मदतीने दाखल, तीस दिवसांच्या वर, तिथे दोन मनोविकारतज्ज्ञांचं मत लागतं आणि ह्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे फेरतपासणी, आधी ९० दिवस, मग १२०, मग दर १८० दिवसांनी. म्हणजे "ठेवलंय तर ठेवलंय" हा प्रकार कायद्याने संपलेला आहे. कलम १९ तर सरळच सांगतं की घरचे नाहीत, घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणाने कोणाला संस्थेत ठेवता येणार नाही.

दुसरं, नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या बाबतीत आत्यांच्या वतीने बोलणारा माणूस. कलम १४. आत्या साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, तुमचं नाव देऊ शकतात. भाऊच हवा असं काही नाही. तो कागद झाला की डॉक्टर तुमच्याशी बोलतील, बाबांशी नाही. हा कागद रजेच्या आधी करा.

तिसरं जरा कडू आहे. रामबागेतलं घर कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आत्यांचा त्यात भावाइतकाच हिस्सा आहे, आजोबांची स्वतःची कमाई असली तरी मुलगी पहिल्या वर्गाची वारस १९५६ पासून आहेच. आणि आजार आहे म्हणून वारसा जात नाही, हिंदू उत्तराधिकार कायदा कलम २८. मी तुमच्या बाबांवर आरोप करत नाहीये, मी त्यांना ओळखत नाही. पण माझ्या टेबलावर असे जितके कागद आले त्यात "मोहल्ल्यात चर्चा नको" ह्याच्या खाली बहुतेक वेळा एक सातबारा नाहीतर रजिस्ट्री होती. आधी भांडू नका. फक्त माहिती असू द्या. आणि आत्यांच्या सहीचा कुठला हक्कसोड कागद मध्यंतरी झालाय का तेवढं बघा.

आजोबा नोकरीत कुठे होते? केंद्र सरकारच्या खात्यात असतील आणि आजींना फॅमिली पेन्शन मिळत असेल तर आजींनंतर ती मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या मुलीला आयुष्यभर मिळू शकते. लोक आजी गेल्या की बँकेत मृत्यूचा दाखला देऊन मोकळे होतात, अर्ज कोणी करतच नाही.

जाता जाता, आमचं ग्वाल्हेर ह्या विषयात जुनं आहे. रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर ह्या तीन मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवायचं काम सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये मानवाधिकार आयोगाकडे दिलं होतं. आमचे वडील सांगायचे, त्याआधी त्या रस्त्याने जाताना लोक मुलांना दटावायचे, तिकडे बघू नको. मी पण न बघता मोठा झालो.

ओटल्यावरची

बापरे, सगळ्यांचे खूप आभार, मी रात्री बसून सगळं वहीत उतरवलं. वकीलसाहेब, आजोबा पोस्टात होते. आजीला पेन्शन होती. आम्ही मृत्यूचा दाखला देऊन मोकळेच झालो होतो. घराचं मी बाबांना अजून विचारलं नाही, हिंमत नाही झाली, पण तुमचं वाचल्यावर एक आठवलं की आजी गेल्यावर बाबा एकदा एकटेच आत्याकडे जाऊन आले होते आणि कशाला गेले होते ते आम्हाला कधी कळलं नाही. आता ते डोक्यात घोळतंय. बघते.

सराफ्याचा_भिया

ताई ते आत्ता नका काढू. आधी आत्या येऊ द्या, घराचं घर बघेल. आधार, समग्र आयडी (आपल्या राज्याचा कुटुंब नोंदणीचा नंबर) आहे का तिचा? मध्य प्रदेशात समग्रशिवाय पेन्शन नाही की काही नाही. आमचा दादा ११ वर्षं तिकडे, तर घरच्या समग्रमधून त्याचं नावच उडालेलं, जिवंत माणूस पण कुटुंबात नाही. झोनच्या ऑफिसात मी चार चकरा मारल्या. आणि अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड पण करून घ्या, २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार आहे, ४० टक्के लिहून आलं तर पुढच्या गोष्टी सोप्या होतात. आणि कोणी निरामय विम्याचं सांगेल तर वेळ घालवू नका, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरेंसाठी आहे, मी फॉर्म भरून तोंडघशी पडलोय.

ओटल्यावरची (तीन आठवड्यांनी)

सांगायला आले.

परवा जाऊन आले, ह्या वेळी दोन दिवस राहिले. काकू, तुम्ही म्हणालात तसंच झालं, आत्याला विचारलं तुला कुठे राहायला आवडेल, तर म्हणाली तुम्ही ठेवाल तिथे. मग मी विषय सोडला आणि तिच्याबरोबर शेंगा सोलत बसले, तिथे दुपारी शेंगा सोलायला देतात. शेजारच्या खाटेवरची बाई पण होती, कानडी आहे, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, १४ वर्षं शेजारी झोपतात, आणि मोडक्या हिंदीत काय हसतात! मैत्रीण मिळाली काकू, विचारायची गरजच नाही पडली.

अर्ध्या-पाऊण तासाने आत्या मान खाली घालूनच म्हणाली, "तुझ्याकडे न्हाणीघराला आतून कडी आहे का?"

मी म्हटलं आहे की. तर म्हणाली, "चालते ना? लागते ना नीट?" मी म्हटलं लागते. मग तिने शेंगा खाली ठेवल्या आणि म्हणाली, मग येते आठ दिवस. तिथे कुठल्याच दाराला आतून कडी नाही हो. मी इतक्या वेळा गेले, मला कधी दिसलंच नाही. २६ वर्षं.

कागद झाला, तिने माझं नाव दिलं, सही केली, आणि सही अजून ओळीत, बालवाडीच्या बाईंसारखी. दहा दिवसांची रजा मिळाली आहे, पुढच्या महिन्यातली. गोळ्यांची नावं, वेळ सगळं लिहून घेतलं, इंजेक्शन नाहीये तिला. डोळे तपासायचे आहेत, तिथला चष्मा सहा वर्षांपूर्वी फुटला आणि परत केलाच नाही, मला वाटायचं ती मुद्दाम बघत नाही.

सासूबाईंना सांगितलं. तीन दिवस शब्द जुळवत होते, पोह्याला फोडणी देता देता एकदाचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या मला मुलीच्या बारशापासून माहितीये, तुझी आजी माझ्याजवळ बसून रडली होती, तू सांगशील म्हणून थांबले. आणि मग म्हणाल्या येऊ दे, पण माझ्या स्वयंपाकघरातली भांडी मला विचारल्याशिवाय हलवायची नाहीत. मी म्हटलं ती धुवेल मात्र, थांबणार नाही. म्हणाल्या धुवू दे की.

मुलीला रविवारी सांगितलं, तिने दोनच प्रश्न विचारले, ती चावते का आणि तिला मोबाईल वापरता येतो का. दोन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाली मोबाईल मी शिकवते.

बाबा बोलत नाहीयेत. आईने मात्र फोन करून विचारलं की ती अजून भाकरी मऊ खाते का कडक. मला आठवेना, मी काहीतरी सांगितलं.

आता खरा प्रश्न. नवरा म्हणतो आतून कडी धोक्याची आहे, पहिल्या दहा दिवसांत काही झालं, चक्कर आली, आत कोंडून घेतलं तर? तो चूक नाहीये. पण मी तिला शब्द देऊन बसलेय. काय करतात अशा वेळी?

सराफ्याचा_भिया

कडी लावायचीच. आमच्याकडे हाच लफडा झाला होता. हार्डवेअरवाल्याकडे बाथरूमचं लॉक म्हणून मिळतं, आत खटका आणि बाहेरून मध्ये एक खाच असते, नाणं घालून फिरवलं की उघडतं. सियागंजला विचारा, कॉलनीतल्या दुकानदाराने नाही म्हटलं तरी. आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घ्या, आत माणूस पडला तर आत ढकलायचं दार अडकतं, हे आमच्या सुताराने सांगितलं, आम्हाला सुचलं नव्हतं.

विश्वामित्रीकाठ

आणि ती खाच आहे हे आत्याला आधी दाखवा. नाणं तिच्याच हातात देऊन एकदा बाहेरून उघडून बघू दे. लपवून ठेवलंत आणि कधी उघडायची वेळ आली तर तिचा त्या दारावरून विश्वास उडेल, तुमच्यावरूनही. आधी ठोठवायचं, नाव घेऊन हाक मारायची, उत्तर नाही आलं तरच, हे घरात सगळ्यांचं ठरवून टाका, मुलीसकट.

आणि त्या कानडी मैत्रिणीला फोन लावता येईल का ते संस्थेत विचारून ठेवा, रविवारी पाच मिनिटं तरी. बोलता नाही आलं तर हसतील.

ओटल्यावरची

सुतार शनिवारी येतोय. पैसे सासूबाई देताहेत, म्हणाल्या दार मला पण लागतं.